तालीम, स्वरलिपी आणि मोबाईल : कोल्हापूरच्या संगीतशिक्षणाचा एक धागा

कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी लाल माती आठवते. पण हाच शब्द गाण्यातही आहे, आणि या शहरात दोन्ही तालमींना शाहू महाराजांचाच आश्रय होता. खासबागेचं कुस्तीचं मैदान आणि पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, एकमेकांना लागून उभारले गेले ते उगाच नाही. दोन्हीकडे शिकवण्याची रीतही एकच. वस्ताद समोर बसतो, बघतो किंवा ऐकतो, आणि चुकलं की तिथल्या तिथे थांबवतो. आज मोबाईलवर गाणं शिकताना या थांबवण्याचं काय होतं, हा आपला प्रश्न आहे.

साधनांचा वाद नवा नाही. नरसोबाच्या वाडीजवळच्या कुरुंदवाडात १८७२ साली विष्णू दिगंबर पलुस्कर जन्मले. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, छापील स्वरलिपी. त्या काळाचं हे नवं तंत्रज्ञानच होतं. गाणं घराण्याच्या उंबऱ्याबाहेर आलं, सामान्य घरातल्या मुलामुलींपर्यंत पोचलं.

त्याच सुमारास कोल्हापूर दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते. त्यांची रीत अगदी उलटी. उस्तादांनी म्हणायचं, शिष्यानं ऐकून म्हणायचं. अनवट राग, जोडराग, लयीशी बांधलेली आकारयुक्त तान. हे कागदावर उतरवलं तर सांगाडा हाती येतो, चाल हाती येत नाही. पण या रीतीची किंमतही मोठी होती. कुणाला शिकवायचं, किती शिकवायचं, हे एका माणसाच्या मर्जीवर आणि आसपासच्या हेव्यादाव्यांवर ठरायचं. मोगूबाई कुर्डीकरांसारख्या विलक्षण गुणी शिष्येची तालीमसुद्धा मध्येच खंडित झाली होती. आणि १९४६ साली खाँसाहेब गेले, तेव्हा त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे नव्हती.

मग हे गाणं टिकलं कसं? अनेकांनी मिळून टिकवलं. मंजीखाँ १९३७ मध्ये गेले, तेव्हा मल्लिकार्जुन मन्सूर त्यांचे धाकटे भाऊ भुर्जीखाँ यांच्याकडे शिकू लागले. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी भुर्जीखाँकडे शिकल्या आणि पुढे केसरबाईंकडे. खाँसाहेबांनी आपलं आयुष्य नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितलं, म्हणून ते पुस्तकरूपानं आपल्यापर्यंत आलं. एकाकडून अर्धं, दुसऱ्याकडून उरलेलं, असं ते जुळत गेलं. सहकार्य हा शब्द आज आपण फार सहज वापरतो. या घराण्यात ती जगण्याची गरज होती.

ग्रामोफोन आला तो तीन-साडेतीन मिनिटांची मर्यादा घेऊन. तासाभराचा राग तेवढ्यात कसा मावणार? पुढे टेप आली, कॅसेट आली, आता यूट्यूब. मन्सूरांचं गाणं आज कोणत्याही खेड्यातला मुलगा शंभरदा ऐकू शकतो. ही लहान गोष्ट नव्हे. पण लक्षात घ्या, ही सगळी साधनं एकाच दिशेनं चालतात. मुलगा मन्सूरांना ऐकतो. मुलाला कुणीच ऐकत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत शिकवण्या झूमवर गेल्या आणि दोन अडचणी उघड्या पडल्या. पहिली गंमतीची. ही प्रणाली बोलण्यासाठी बनवलेली. सतत चालणारा एकसुरी आवाज तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो, म्हणून ती तो दाबते. म्हणजे तंबोराच कचरा ठरला! त्याच वर्षी झूमनं संगीतासाठी वेगळी सोय दिली, तेव्हा हे बरंच सुधारलं.

दुसरी अडचण सेटिंग बदलून जात नाही. समजा आवाज पोचायला सेकंदाचे पंधरा शतांश लागतात. तुम्ही ठेका तेवढा उशिरा ऐकता, त्याच्यासोबत गाता, आणि तुमचं गाणं गुरूंकडे आणखी तेवढ्याच उशिरानं पोचतं. एकूण तीस शतांश. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पंचवीस शतांशांची असते. म्हणजे समेवर आलेला शिष्य गुरूंच्या कानी मात्रा उलटून गेल्यावर येतो! त्यामुळे दोघांनी एकत्र गाणं, जो तालमीचा गाभा, तो तिथे होत नाही.

मग काय करायचं? माझं म्हणणं असं की, साधन उलटं फिरवा. आपण गुरूंचं रेकॉर्डिंग करण्यात सगळी शक्ती घालवतो. त्याऐवजी शिष्याचं करा. रोजचा रियाज दहा मिनिटं रेकॉर्ड करून गुरूंना पाठवा. ते सवडीनं ऐकतील आणि नेमक्या जागी बोट ठेवतील. इथे आवाज उशिरा पोचला तरी बिघडत नाही. तीच बंदिश पुण्यातल्या, धारवाडातल्या गुरुबंधूंनी कशी घेतली, तेही ताडून पाहा. आणि एकत्र गाण्यासाठी महिन्यातून एकदा तरी एसटी पकडून समोर जाऊन बसा.

पलुस्करांनी दार उघडलं, अल्लादिया खाँसाहेबांनी कान तयार केले. मोबाईलनं दार आणखी मोठं केलंय. आत कुणीतरी आपल्याला ऐकणारं, थांबवणारं बसलेलं असेल, एवढी काळजी मात्र आपल्यालाच घ्यायची आहे.