संपादक अण्णादुराई

कांचीपुरमचे अण्णादुराई आधी पत्रकार. ‘द्रविड नाडू’ साप्ताहिक त्यांनी १९४२ मध्ये काढले. पुढे १९४९ साली गुरू पेरियार यांच्यापासून वेगळे होऊन त्यांनी द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष स्थापिला. ज्या स्वतंत्र द्रविड देशाचे नाव साप्ताहिकाच्या माथ्यावर होते, तीच मागणी त्यांनी १९६३ मध्ये सोडली. चीनचे आक्रमण झाले होते, फुटीरतेविरुद्ध सोळावी घटनादुरुस्तीही आली होती. याला माघार म्हणणारे आहेत. आम्ही म्हणत नाही. स्वतःच्याच लेखणीने मांडलेले खोडणे संपादकाला किती जड! १९६७ साली ते मद्रासचे मुख्यमंत्री झाले. १४ जानेवारी १९६९ रोजी राज्याला ‘तमिळनाडू’ हे नाव मिळाले. त्याचे मोल आम्हां मराठी माणसांना सांगायला नको. अण्णा ३ फेब्रुवारीस कर्करोगाने गेले.