पाळणाघराचा स्थिर आकार

मंडळी, खापरखेड्यात बोलायला उभं राहिलं की वीज टाळता येत नाही. इथल्या औष्णिक केंद्रात 210 मेगावॉटचे चार संच आणि 500 चा एक. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, कारखाने थांबले, विजेची मागणी घसरली. पण समोर बसलेल्या तंत्रज्ञांना ठाऊक आहे, की संच तयार ठेवला आणि वीज कुणी उचलली नाही, तरी करारानुसार स्थिर आकार मिळतो. घराला महिनाभर कुलूप असलं तरी आपल्या बिलात तो येतोच की. त्याला कुणी उपकार म्हणत नाही. उपलब्ध राहण्याची ती किंमत आहे.

त्याच महिन्यांत मुलं सांभाळणाऱ्या बायकांना ही किंमत कुणी दिली?

अमेरिकेत सरकारने दिली. मार्च 2020 च्या मदत कायद्यात बालसंगोपनासाठी साडेतीन अब्ज डॉलर होते. मार्च 2021 च्या कायद्यात 39 अब्ज, आणि त्यातले सुमारे 24 अब्ज पाळणाघरं टिकावीत एवढ्यासाठीच होते. भाडं भरा, पगार द्या, मुलं कमी आली तरी दार उघडं ठेवा. यात दयेपेक्षा हिशेब जास्त होता, बरं का! पाळणाघर बुडालं तर आई कामावर परतणार कशी? सप्टेंबर 2023 मध्ये तो निधी संपला.

आपल्याकडे अंगणवाडी होती. हा शब्द ताराबाई मोडकांच्या कामातून आला. सरकारी योजना 2 ऑक्टोबर 1975 ची. कोरोनात मुलं यायची थांबली, सेविका थांबली नाही. कोरडा शिधा घरोघर पोचवायचा, आजारी माणसांची नोंद करायची. सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ आलं, तेव्हा पुन्हा दारोदार. राज्याने 29 मे 2020 च्या निर्णयाने कोरोनाच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना 50 लाखांचं विमाकवच दिलं, त्यात अंगणवाडी सेविकाही होत्या. चांगलं केलं. पण जिवंत सेविकेचा हिशेब पाहा. केंद्राने ऑक्टोबर 2018 पासून ठरवलेली रक्कम महिन्याला 4500 रुपये, त्यावर राज्याची भर. आणि तिचं नाव वेतन नव्हे, मानधन! तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं एप्रिल 2022 मध्ये.

तरी तिचं नाव निदान रजिस्टरात होतं. घरातल्या पुढच्या खोलीत बालवाडी चालवणारीचं कुठे होतं? शाळेसारखी मान्यता घेण्याची सक्ती तिच्यावर नव्हती, म्हणून ती कुठल्याच यादीत नव्हती. मे 2020 मध्ये केंद्राने लहान उद्योगांसाठी तीन लाख कोटींची हमी असलेली कर्जं जाहीर केली, पण ती ज्याचं आधीचं कर्ज होतं त्याला. हिने कधी कर्जच काढलं नव्हतं. फेरीवाल्यांना दहा हजारांचं कर्ज मिळायचं. ती फेरीवाली नव्हती. 13 एप्रिल 2021 रोजी राज्याने 1500 रुपयांची मदत जाहीर केली. बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले, रिक्षाचालक अशी नावं त्यात आली. पाळणाघर नाही. आमचे वैशेषिक ‘अभाव’ हाही एक पदार्थ मानतात. वर्गात ते समजावताना माझी दमछाक व्हायची. ती यादी तेव्हा हाताशी असती, तर पाच मिनिटांत समजावलं असतं.

सरकारला बोलणं सोपं आहे. माझ्या घरचं सांगतो. माझी नात आमच्याच गल्लीतल्या एका बालवाडीत जायची. एप्रिल 2020 पासून आम्ही फी थांबवली. मुलगा म्हणाला, ‘मूल जातच नाही तर पैसे कशाचे?’ मी जन्मभर नीतिशास्त्र शिकवलं, आणि मला ते पटलं. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा पगार मात्र घरी बसवूनही चालू ठेवला होता. तो कर्तव्य वाटला, ही फी मात्र खरेदी वाटली. सगळ्याच पालकांनी तसंच केलं असणार. वीस-बावीस मुलं होती. त्या बाईंनी उन्हाळाभर कुरड्या-पापड करून विकले, नंतर खोली सोडली.

दोन वर्षांनी मी थकलेली फी पाकिटात घालून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा केला. पाकीट उघडलंही नाही. म्हणाल्या, ‘सर, आता हे कशाचे?’ बालवाडीच्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. भिंतीवरची बाराखडी त्याने अजून पुसलेली नाही.