टपालाने येणारे मत

पश्चिम बंगालचे मुख्य सचिव सुकुमार सेन १९५० साली कलकत्ता सोडून दिल्लीस गेले आणि भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. पुढच्याच वर्षीच्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदानकेंद्रावर येऊ न शकणाऱ्या काहींसाठी टपालाची वाट ठेवली: सैनिक, निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी आणि, नवल असे की, स्थानबद्ध. म्हणजे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी तुरुंगात खटल्याविना डांबलेल्या स्थानबद्धाला मत देता येई. शेजारच्या कोठडीतील कच्च्या कैद्याला, गुन्हा शाबीत झालेला नसूनही, ते देता येत नसे. आजही येत नाही.

मतपत्रिका आतल्या पाकिटात, सहीचे प्रतिज्ञापत्र त्याबाहेर. आधी सही तपासायची, मगच मत उघडायचे. मोजणीची घटका टळल्यावर आलेले पाकीट मात्र न फोडताच बांधून ठेवतात.