चौकचे पालकर : एका सरनौबत घराण्याची वाटचाल

खालापूर तालुक्यातील चौक हे इर्शाळगडाच्या पायथ्याचे गाव. स्वराज्याचे सरनौबत (सेनापती) नेताजी पालकर यांचे मूळ गाव म्हणून ते ओळखले जाते. शिरूरजवळच्या तांदळीशीही घराण्याचे नाव जोडले जाते. परंतु चौककरांनी हा वारसा आपला मानून जपला आहे. घाटमाथ्याला कोकणाशी जोडणाऱ्या वाटा याच मुलखातून उतरतात. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि या वाटांचे मोल एकदम वाढले. पुढे २ फेब्रुवारी १६६१ रोजी याच तालुक्यातील उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाच्या फौजेची कोंडी झाली.

पालकरांचा भोसल्यांशी संबंध त्याआधीच जुळला होता. १६५३ मध्ये पालकर घराण्यातील पुतळाबाई शिवाजीराजांच्या राणी झाल्या. त्या काळी सोयरीक हा दोन घरांइतकाच दोन फौजांचाही करार असे. निंबाळकर, मोहिते, शिर्के, जाधव या घराण्यांशी भोसल्यांची नाती अशीच जुळली. त्या मालिकेत पालकरांनाही मानाचे स्थान मिळाले.

नेताजी सरनौबत झाले आणि घराण्याच्या कर्तृत्वाचा सुवर्णकाळ सुरू झाला. नोव्हेंबर १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी विजापूरचा सरदार अफजलखान याची फौज उधळण्यात त्यांच्या घोडदळाचा मोठा वाटा होता. त्यानंतर त्यांची धाव विजापूरच्या मुलखात खोलवर गेली. १६६० मध्ये शिवाजीराजे पन्हाळ्यावर अडकले असताना तेथील वेढा फोडण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तो यशस्वी झाला नाही. तरीही त्यांचा दरारा असा होता की लोक त्यांना ‘प्रतिशिवाजी’ म्हणत.

जानेवारी १६६६ मध्ये मात्र कठीण काळ आला. शिवाजीराजांनी पन्हाळ्यावर केलेल्या हल्ल्याच्या वेळी नेताजी वेळेवर पोहोचू शकले नाहीत आणि त्यांचे पद गेले. सरनौबती कुडतोजी तथा प्रतापराव गुजर यांच्याकडे आली. नेताजी प्रथम विजापूरकरांकडे आणि लवकरच मिर्झाराजे जयसिंगांमार्फत मोगलांकडे गेले. तेथे त्यांना पाच हजारांची मनसब मिळाली. त्याच वर्षी शिवाजीराजे आग्र्याच्या मोगल कैदेतून निसटले. आता नेताजीही राजांना जाऊन मिळतील, या संशयावरून ऑक्टोबरमध्ये त्यांना कैद झाली.

दिल्लीला नेल्यावर मार्च १६६७ मध्ये त्यांना धर्मांतर करावे लागले आणि ‘महंमद कुलीखान’ हे नाव मिळाले. चुलते कोंडाजी यांच्यावरही तीच वेळ आली. नेताजींच्या पत्नींना दक्षिणेतून दिल्लीला आणवून त्यांच्याशी इस्लामी रीतीने पुन्हा विवाह लावण्यात आला. रणांगणावरील पराभवाची झळ फौजेला बसते. या प्रसंगाची झळ घरातील स्त्रियांनी सोसली. त्यांची नावे इतिहासात ठळकपणे आली नाहीत. घराण्याच्या वाटचालीत मात्र त्यांचा वाटा सरनौबतांहून कमी नाही.

पुढे नेताजींना अफगाण सरहद्दीवरील मोहिमेत पाठवण्यात आले. वाटेत पळून येण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. जवळजवळ दहा वर्षांनी दक्षिणेच्या मोहिमेवर परत येताच त्यांनी मोगलांची चाकरी सोडली, आणि जून १६७६ मध्ये रायगडावर त्यांना शुद्ध करून स्वधर्मात घेतले गेले. असा निर्णय त्या काळात सोपा नव्हता. पण भोसल्यांच्या घरात त्याला आधार होता. फलटणचे बजाजी निंबाळकर विजापूरकरांकडे झालेल्या धर्मांतरानंतर स्वधर्मात परतले, तेव्हा त्यांचे पुत्र महादजी यांना शिवाजीराजांची कन्या सखुबाई दिली गेली, असे परंपरा सांगते. पंगतीत घेतल्यानंतर सोयरीक केली की समाजाची शंका मिटते, हे राजांनी ओळखले होते. पालकरांच्या घरीही भोसल्यांची लेक आली. शिवाजीराजे व राणी सकवारबाई यांच्या कन्या कमळाबाई यांचा विवाह जानोजी पालकर यांच्याशी झाला.

शिवाजीराजांच्या निधनानंतर पुतळाबाईंनी जून १६८० मध्ये रायगडावर सहगमन केले. सरनौबत घराण्यांशी सोयरीक करण्याची रीत पुढेही चालू राहिली. प्रतापराव गुजरांच्या कन्या जानकीबाई आणि हंबीरराव मोहिते यांच्या कन्या ताराबाई या शिवाजीराजांचे पुत्र राजाराम यांच्या राणी झाल्या. यातील ताराबाईंनी पुढे स्वराज्याचा लढा स्वतः चालवला.

घराण्याची ही हकीकत टिकली ती अनेकांच्या श्रमांमुळे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास जिंजीत बखर लिहिली. मोगल दरबारातील अखबारांतून (बातमीपत्रांतून) दिल्लीतील घटना हाती लागल्या आणि जदुनाथ सरकारांसारख्या संशोधकांनी त्या उजेडात आणल्या. १९२७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘नेताजी पालकर’ या मूकपटाने ही कथा पडद्यावर आली; व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाचा आरंभ तोच.

आज चौक पनवेल-कर्जत रेल्वेमार्गावर आहे आणि जुना मुंबई-पुणे रस्ता तेथूनच जातो. नांदेड जिल्ह्यातील तामसा येथे नेताजींची समाधी दाखवली जाते. सरनौबतीचे पद त्यांच्याकडे एक दशकही टिकले नाही. सोयरिकीने बांधलेले नाते मात्र बडतर्फी, कैद आणि धर्मांतर यांनंतरही तुटले नाही. पालकरांचे नाव स्वराज्याच्या इतिहासात अढळ राहिले, ते पराक्रमाइतकेच या नात्यामुळे.