सांडपाण्यांतील चिवट जंतु

भाईंदर पूर्वेच्या उशाशीं वसईची खाडी आहे. ओहोटीबरोबर गेलेलें पाणी भरतीबरोबर परत येतें. औषधांच्या इतिहासांतही असेंच कांहीं घडलें.

पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ च्या नोबेल व्याख्यानांत एक इशारा दिला होता: मात्रा अपुरी पडली तर जंतु मरत नाहींत, उलट औषधास दाद देईनासे होतात. पुढें १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला व पेनिसिलिन स्वदेशांतच होऊं लागलें. त्या आनंदांत तो इशारा मागें पडला.

अपुरी मात्रा केवळ शरीरांतच मिळते असें नाहीं. रोग्यानें घेतलेल्या औषधाचा बराच अंश मलमूत्रावाटें बाहेर पडतो आणि रुग्णालयाच्या गटारांत विरळ होतो. तेथें दुबळे जंतु मरतात, चिवट उरतात. आणि आपल्या चिवटपणाचें जनुक ते दुसऱ्या जातीच्या जंतूंसही देऊं शकतात.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील वैद्यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या तपासणींत, प्रबळ औषधांस न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकीं २२ मध्यें ‘एनडीएम-१’ हें जनुक आढळलें. पुढच्याच वर्षीं दिल्लींत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकीं ५१ मध्यें, व नळाच्या ५० पैकीं दोहोंत, तेंच सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. संकट रुग्णालयाच्या भिंतींआड राहिलें नव्हतें.

रुग्णालयानें आपला द्रव कचरा शुद्ध करूनच सोडावा, असें २०१६ चे नियम सांगतात. खाडीकांठच्या वस्तीस त्याचें कारण निराळें सांगावयास नको. गटारांत सोडलेलें पाणी दृष्टिआड होतें. गांवाबाहेर जात नाहीं.