थांबायचं कुठं? विमानाचा फलाट आणि शब्दप्रमाण



आपल्या एसटी स्टँडवर फलाटावरची गाडी मागं घ्यायची असते, तेव्हा कंडक्टर खाली उतरतो, मागं उभा राहून शिट्टी वाजवतो आणि ड्रायव्हर त्या शिट्टीच्या भरवशावर गाडी मागं घेतो. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, कंडक्टरला दिसतं. आजचा आपला विषय हाच आहे. फक्त गाडी साठ मीटर रुंद आहे!

योगायोग पाहा. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. बरोबर आठवड्यानं, 8 जूनला, एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो–जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. त्या काळी विमान मोकळ्या पटांगणात येऊन थांबे आणि चाकांची शिडी ढकलत त्याच्यापाशी नेत. विमान चार हात इकडंतिकडं थांबलं तरी शिडी सरकवता येई. त्याच्याही आधी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते तर एका इंजिनाच्या लहानशा पुस मॉथमधून. तिथं विमान नेमकं कुठं उभं करायचं, हा प्रश्नच नव्हता.

प्रश्न उभा राहिला तो विमानं वाढल्यावर. 1971 साली एअर इंडियाकडे पहिलं बोइंग 747 आलं, 'सम्राट अशोक'. लांबी सुमारे 70 मीटर, पंखांचा विस्तार सुमारे 60. यात वैमानिक जमिनीपासून दोन मजल्यांहून उंच बसतो. पुढचं चाक त्याच्या पाठीमागं, खाली. ते त्याला दिसत नाही. पंखांची टोकंही दिसत नाहीत. म्हणून वळताना तो पिवळ्या रेषेवरून स्वतः पुढं निघून जातो आणि मग वळतो, तेव्हा कुठं चाक रेषेवर येतं. इमारतीतून थेट विमानात नेणारा पूल आला, तसं काम आणखी अवघड झालं. पुलाची झेप मर्यादित, इंधनाची जोडणी जमिनीत ठरल्या जागी, आणि मोठ्या विमानाच्या पंखाचं टोक व शेजारचं विमान यांत किमान साडेसात मीटर अंतर हवं. थोडं अलीकडे थांबलं, तर शेपूट मागच्या वाटेवर राहतं.

मग यावर तोड काय? पहिली तोड म्हणजे समोर उभा राहून हातवारे करणारा माणूस. दोन्ही हात वर करून स्वतःकडे हलवले की 'या'. डोक्यावर हातांची फुली केली की 'थांबा'. 1944 च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या नियमांनी या खुणा जगभर सारख्या केल्या. म्हणून अजिंठा पाहायला येणाऱ्या पाहुण्यांचं विमान चिकलठाण्याला उतरो की लंडनला, वैमानिकाला तिथली भाषा यावी लागत नाही.

दुसरी तोड म्हणजे भिंतीवरचे दिवे. दोन्ही हिरवे दिसले तर विमान सरळ रेषेत. एक तांबडा झाला तर हिरव्याकडे वळा. शेजारी एक फळी असते. तिच्या फटीतून आतला दिवा विमान पुढं येईल तसा सरकताना दिसतो. आपल्या विमानाच्या खुणेशी तो जुळला की थांबायचं. आगगाडीतून जवळची झाडं मागं पळताना दिसतात ना, तेच हे तत्त्व. पण ही सोय डावीकडच्या खुर्चीसाठी. उजवीकडून पाहिलं तर हिशेब चुकतो. तिसरी तोड लेझरची. ते विमानाचं अंतर मोजत राहतं आणि पडद्यावर उरलेले मीटर दाखवतं.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळं यात आम्हाला न्यायदर्शन दिसतं. गौतमानं चार प्रमाणं सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चाक प्रत्यक्ष दिसत नाही. फटीतला दिवा पाहून अंतर ताडणं हे अनुमान. समोरच्या माणसाच्या खुणेवर चालणं हा शब्द, म्हणजे आप्ताचं वचन. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, बरं का! ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त. प्रत्यक्षाखेरीज काहीच न मानणारा चार्वाक वैमानिक झाला असता, तर प्रवासी अजून विमानातच बसून राहिले असते.

पण आप्त खरा असून भागत नाही. त्याचं म्हणणं ऐकणाऱ्यापर्यंत नीट पोचावं लागतं. 16 डिसेंबर 2015 रोजी मुंबई विमानतळावर विमान निघण्याच्या तयारीत असताना एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला आणि मरण पावला. सहवैमानिकानं इशाऱ्याचा चुकीचा अर्थ घेतला, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. खुणेच्या अर्थावर माणसाचा जीव असतो, तो असा.

म्हणून या साऱ्या व्यवस्थेत एक साधा नियम आहे. पडद्यावर दुसऱ्याच विमानाचं नाव दिसलं, पडदा विझला, किंवा समोरचा माणूस दिसेनासा झाला, तर वैमानिकानं जागच्या जागी थांबायचं. अंदाजानं पुढं जायचं नाही. लेझर आलं म्हणून हा नियम गेला नाही. पुढंही यंत्रं बदलतील. पण आपल्याला न दिसणारं ज्याला दिसतं त्याच्यावर विश्वास ठेवणं, आणि त्याचं म्हणणं कळलं नाही तर थांबणं, या दोन गोष्टी जोडीनं शिकाव्या लागतील. एसटीचा ड्रायव्हरही शिट्टी ऐकू आली नाही तर ब्रेकवरच पाय ठेवतो.