संन्यास : एका वैद्यकीय शब्दाचा इतिहास

पेण व रोहें हे पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासून रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांतील शेजारचे तालुके. पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं १८९५ सालीं विनोबा भावे जन्मले. रोह्यास १९२० सालीं पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. दोघांनींहि आयुष्यभर गीतेचें विवरण केलें. अशा भूमींत 'संन्यास' म्हणतांच भगवीं वस्त्रें किंवा गीतेचा पांचवा अध्याय आठवावा, यांत नवल नाहीं. परंतु आयुर्वेदांत हेंच एका दारुण व्याधीचें नांव आहे. ज्या अवस्थेस आज डॉक्टर 'कोमा' म्हणतात, तिला प्राचीन वैद्यांनीं संन्यास म्हटलें.

'अस्' या धातूचा अर्थ टाकणें. त्यास 'सम्' व 'नि' हे उपसर्ग लागून 'पूर्णपणें खालीं ठेवणें' असा अर्थ होतो. यति आपल्या इच्छेनें कर्म खालीं ठेवतो. रोग्याकडून मात्र वाणी, देह व मन या तिहींचे व्यापार रोगच टाकावयास लावतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, २४ व्या अध्यायांत, मद, मूर्च्छा व संन्यास अशा तीन चढत्या पायऱ्या वर्णिल्या आहेत. पहिल्या दोहोंत दोषांचा वेग ओसरला कीं रोगी आपोआप शुद्धीवर येतो; संन्यासांत औषधावांचून येत नाहीं. असा रोगी लांकडाप्रमाणें निश्चेष्ट पडतो व मृतवत् दिसतो. खोल पाण्यांत बुडणारें भांडें तळाशीं जाण्यापूर्वींच वर काढावें, तशी वैद्यानें त्वरा करावी, असा तेथें दृष्टांत आहे. तीक्ष्ण अंजन, नस्य, सुया टोंचणें, नखांस पीडा देणें, केंस ओढणें, अंगास खाजकुइली चोळणें असे उग्र उपायहि सांगितले आहेत.

'कोमा' हा शब्द ग्रीक. त्याचा मूळ अर्थ गाढ झोंप; हिप्पोक्राटीसच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत तो आढळतो. ग्रीकांनीं निद्रेचें साम्य पाहिलें. चरकानें सर्व व्यापारांचा लोप पाहिला. रोग्याच्या हिताच्या दृष्टीनें दुसरें नांव अधिक सावध करणारें आहे, कारण झोंपलेला मनुष्य हांक मारल्यास वा हालविल्यास उठतो. कोमांतील उठत नाहीं.

हाच भेद मोजण्यासाठीं १९७४ सालीं ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या वैद्यांनीं एक माप रचलें. डोळे उघडणें, बोलणें व हातपाय हालविणें यांस गुण देतात. बेरीज ३ ते १५ असते, आणि ८ किंवा त्याहून कमी आल्यास स्थिति अत्यंत गंभीर समजतात. रोगी वेदनेस प्रतिसाद देतो कीं नाहीं हें पाहण्यास आजचे डॉक्टरहि नखावर दाब देतात. मात्र चरकाचा जो उपचार होता, ती आतां केवळ परीक्षा आहे. उपचार मूळ कारणावर होतो : रक्तांतील साखर उतरणें, मेंदूंतील रक्तस्राव, डोक्यास मार, विष, मेंदूंत गेलेला हिंवताप.

म्हणून कोणी हांकेस ओ देत नसेल, तर "घोरत आहे, झोंपूं द्या" असें म्हणून स्वस्थ बसूं नये. घोरणें हें श्वासमार्ग अडल्याचेंहि लक्षण असूं शकतें. नाकाशीं कांदा वा जोडा धरूं नये, तोंडांत पाणी घालूं नये. श्वास चालू असून मानेस इजा नसल्यास कुशीवर वळवावें व १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. भांडें तळाशीं जाण्यापूर्वींच वर काढावयाचें असतें.